5 एचपीचा सौर पंप, 11 महिने वापरल्यानंतर

गेल्या जानेवारीत, म्हणजे 2025 च्या सुरुवातीला, घनसावंगी तालुक्यातल्या आमच्या शेतात 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतून 5 एचपीचा पंप बसला. विहीर 55 फूट. तिच्यावर चार एकर भिजतं: दोन एकर मोसंबी, बाकी कापूस आणि रब्बीला हरभरा, गहू. खुल्या गटातला असल्यानं दहा टक्के हिस्सा भरला, 32 हजारांच्या आसपास. तेव्हापासून पारावर, दुकानात कुणी ना कुणी विचारतंच, "घ्यावा का?" प्रत्येकाला उभ्या उभ्या अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून ठेवतो.

आधीचे दिवस सांगतो. विजेच्या कनेक्शनसाठी कोटेशन भरून आम्ही वाट बघत होतो. तोवर एक तर डिझेल इंजिन, नाहीतर चुलतभावाच्या मोटारीवरून पाणी. इंजिन तासाला लिटरभर डिझेल पिणार, म्हणजे दोन एकर मोसंबीचं एक पाणी द्यायचं तरी खिसा मोकळा. भावाची लाइन एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. दिवसाच्या पाळीत त्याचं स्वतःचं रान, म्हणून आमच्या वाट्याला रात्र यायची. दोन वर्षांमागं बारं देताना बॅटरीच्या उजेडात पायापासून हातभर अंतरावर मण्यार दिसली. त्या दिवसापासून मी परत येईपर्यंत आई ओसरीवर बसून राहायची. पहाटे तीनला आलो तरी ती जागीच.

शेतीला रात्रीच वीज का, हे मला फार उशिरा कळलं. कोळशाचं केंद्र रात्री एकदम बंद करून सकाळी लगेच चालू करता येत नाही. रात्री शहरं झोपली की वीज उरते, ती शेताकडं वळवायची. आता गणित उलटलंय. सौर प्रकल्प इतके झाले की वीज बाजारात भर दुपारी दर पडतात आणि सूर्य मावळला की चढतात, कधी कधी युनिटला 10 रुपयांच्या कमाल मर्यादेपर्यंत. घरी स्मार्ट मीटर असेल तर जुलै 2025 पासून सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या युनिटला 80 पैशांची सवलत सुरू झाली, ती याच कारणानं. कोळशाच्या केंद्राला पाणीही लागतं. आपल्या परळीचं केंद्र 2015 च्या दुष्काळात पाण्यावाचून बंद पडलेलं आपण पाहिलंय.

आता पंपाबद्दल. पहिल्या महिन्यात मी रोज टिपाड लावून वेळ मोजली. 200 लिटरचं टिपाड जानेवारीत दुपारी साडेबाराला 25 सेकंदांत भरायचं. सकाळी साडेनऊला 45 सेकंद. आभाळ आलं की दीड-दोन मिनिटं. कंट्रोलरच्या, म्हणजे पॅनेलची वीज मोटारीला देणाऱ्या डब्याच्या, छोट्या पडद्यावर हर्ट्झचा, म्हणजे मोटारीच्या वेगाचा, आकडा दिसतो, तो वाचायला शिका. ऊन भरात असताना 50, सकाळी 30-35. मला वाटायचं 35 हर्ट्झ म्हणजे पाणीही सत्तर टक्के येईल. तसं होत नाही. पाणी वर चढवण्याची ताकद वेगाच्या वर्गाप्रमाणे घटते, म्हणून 35 हर्ट्झला ती निम्मीच उरते. उघड्या पाइपातून पाणी पडताना दिसतं, पण ठिबकच्या शेवटच्या झाडापाशी उकिडवं बसून बघितलं तर ड्रिपरच्या तोंडाशी थेंब नुसता लटकलेला. पहिले पंधरा दिवस बागेचं शेवटचं टोक असंच अर्धं तहानलेलं राहिलं आणि मी मात्र बाग भिजली समजत होतो.

त्यावरून घडी बसवली. सकाळी साडेदहापर्यंत पाटानं हरभऱ्याला. साडेदहा ते साडेतीन ठिबक, एका वेळी एकच व्हॉल्व्ह, म्हणजे बागेचा एकच भाग. आभाळ असेल त्या दिवशी ठिबक लावतच नाही. ज्यांचे व्हॉल्व्ह एक-एक एकराचे आहेत त्यांनी पंप यायच्या आधीच ते लहान करून घ्यावेत.

पंप बसवताना जागेवरून वाद झाला. विहिरीच्या दक्षिणेला जुना लिंब आहे, त्याची सावली दुपारनंतर दोन पॅनेलवर येणार होती. बसवणारी पोरं म्हणाली फांद्या छाटा. अण्णा म्हणाले, "लिंबाला हात लावायचा नाही, तुमचे खांब हलवा." खांब चाळीस फूट हलवले आणि जास्तीची केबल आम्ही पदरचे पैसे देऊन आणली. अण्णांचं बरोबर होतं. पॅनेल एकामागं एक जोडलेले असतात, एकावर सावली पडली तरी सगळ्या ओळीची वीज घटते. खड्डे खणायच्या आधी दिवसभर सावली कुठून कुठं जाते ते स्वतः उभं राहून बघा.

उन्हाळ्याबद्दल एक गैरसमज आहे. ऊन जास्त म्हणून पंप जास्त चालेल असं सगळ्यांना वाटतं. पॅनेलला उजेड हवा, ताप नको. पारा 42 वर असताना काच हात लावू देत नाही, आतला सेल 65 अंशांच्या पुढं जातो आणि 25 च्या वर प्रत्येक अंशाला साधारण पाव ते अर्धा टक्का वीज घटते. दिवस मोठा असल्यानं एकूण पाण्यात फार फरक पडला नाही. खरी अडचण विहिरीनं केली. एप्रिलमध्ये अकरा वाजताच तळ दिसायचा, कोरडं चालू नये म्हणून पंप आपोआप बंद व्हायचा, आणि वर सूर्य आग ओकत उभा.

याची मला मनापासून काळजी वाटते. डिझेल होतं तेव्हा प्रत्येक तास मोजून चालवायचो. आता तासाचे पैसे नाहीत, म्हणून हात आखडत नाही. आमच्या शिवारात वर्षभरात सात-आठ सौर पंप आले आणि सगळ्यांचा झरा जमिनीखाली एकच आहे. मी बागेला उसाच्या पाचटाचं आच्छादन केलं, एक दिवसाआड पाणी ठेवलं, तेव्हा कुठं मेपर्यंत निभलं.

तक्रारही सांगतो. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत कंट्रोलरच्या डब्यात पाणी गेलं. योजनेत पाच वर्षं दुरुस्ती पुरवठादारानं करायची आणि विमाही आहे. पण माणूस यायला 17 दिवस लागले. पावसाळा होता म्हणून निभावलं, एप्रिल असता तर बाग हातची गेली असती. आता डब्यावर पत्र्याचं छप्पर केलंय, तळाच्या केबलच्या भोकांना पक्कं सील लावलंय, आणि दर वादळानंतर पान्यानं सगळे बोल्ट आवळतो. पॅनेल आठवड्याला पुसतो, सकाळी गार असताना, टाकीत साठवलेल्या पावसाच्या पाण्यानं. विहिरीचं पाणी क्षाराचं, ते वाळलं की काचेवर पांढरे डाग धरतात.

"साडेसात एचपीपर्यंत बिल माफच आहे, मग सौर कशाला?" असं विचारतात. ज्यांच्याकडं चालू कनेक्शन आहे त्यांना मी सांगतो, तुमच्या फीडरला, म्हणजे शेतांकडं येणाऱ्या वीज वाहिनीला, दिवसा सौर वीज कधी येणार ते आधी विचारा. वैजापूर तालुक्यात धोंदलगावला सप्टेंबर 2024 मध्ये 3 मेगावॉटचा प्रकल्प सुरू झाला, मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 मधला तो पहिला. तिथं शेतकऱ्याची जुनीच मोटार दिवसा चालते, आणि शेताला नको तेव्हा ती वीज दुसऱ्या कुणाला तरी मिळते. माझ्या पॅनेलची वीज जूनपासून सप्टेंबरपर्यंत जवळजवळ सगळी वाया गेली. लाइनच नाही तर विकणार कुठं? त्याच पॅनेलवर कडबा कुट्टी नि पिठाची गिरणी चालवणारे कंट्रोलर निघालेत, ते या योजनेच्या पंपासोबतच मिळायला पाहिजेत.

ज्यांच्याकडं कनेक्शनच नाही आणि विहिरीला मार्चपर्यंत तरी पाणी टिकतं, त्यांनी बिनधास्त अर्ज करावा. मी पुन्हा संधी मिळाली तरी हाच घेईन.

बाग सध्या आंबे बहारासाठी, म्हणजे मोसंबीच्या जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलोऱ्यासाठी, ताणावर आहे, पाणी बंद ठेवलंय. जानेवारीत ताण तोडायचा, त्याच्या आत चार व्हॉल्व्हचे सहा करतोय, पाइप आणून ठेवलेत. आणि आई आता नऊ वाजता झोपते.