गावात किराणा टाकू की आठवडी बाजार करू? दोन्ही करून पाहिलेल्या माणसाचा हिशोब

भाचा परवा म्हणे, "मामा, दुकान टाकू का बाजार करू, एकच सांगा, लय फाटे फोडू नका." त्याच्याजवळ सत्तर हजार आहेत, दीड एकर कोरडवाहू वावर, घरी आई, बायको अन् सहा महिन्यांचं लेकरू. एकच सांगणं काही जमलं नाही म्हणून लिहून राहिलो. २०१५ ते २०२१ मी आमच्या गावात (यवतमाळ जिल्हा, एवढंच पुरे) किराणा चालवला, आता तीन गावचे बाजार करतो, भाजीपाला अन् सुकी मिरची-मसाला.

आधी पैसा, कारण सगळे तेच आधी विचारतात. दुकानात माल भरलेला दिसतो तेव्हा लोकांना वाटते याचं बरं आहे, पण तो माल अर्धा ठोकवाल्याचा असतो आणि जो विकला गेला तो वहीत असतो. सरकारच्या मुद्रा योजनेतलं शिशु कर्ज पन्नास हजारापर्यंत मिळते, तारण लागत नाही, सगळं खरं, पण हप्ता दर महिन्याला येतो आणि आपल्याकडं पैसा दर महिन्याला येत नाही ना बाप्पा. सोयाबीन निघते ऑक्टोबरात, कापूस त्याच्यापुढं फेब्रुवारीपर्यंत वेच्या-वेच्यानं, आणि जूनमधे गावातला होता नव्हता तो पैसा बियाण्या-खतात जातो. जुलै ते सप्टेंबर गाव उधारीवर जगते. म्हणजे दुकानदाराच्या जिवावर.

माझी लाल कापडी वही अजून आहे. एका पानावर एकाच घराचं, तेल, साखर, चायपत्ती, परत तेल, अंगाचा साबण, पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचा रंग अन् बेगड, मग बिस्किटं, परत चायपत्ती, बेरीज ३,८४०. दिवाळीला त्यातले दीड हजार आले. बाकीवर मीच रेघ मारली, त्या वर्षी त्यांच्या सोयाबीनला गंजीतच कोंब फुटले होते आणि त्यांची पोरगी माझ्या पोरीच्या वर्गात होती, कोणत्या तोंडानं मागायचं? गावात दुकानदार वसुलीला निघाला की तो दुकानदार राहत नाही, वैरी होते.

बाजारात हे नाही. दुसऱ्या गावचा माणूस, रोख देते नाहीतर मोबाईलनं क्यूआर कोडवर टाकते, पावकिलो भेदरं (टमाटे) घेते अन् जाते. उधार मागितलं तरी "पुढच्या सोमवारी" एवढंच, आणि बहुतेक देतात. सोमवारी काय चाललं नाही ते बुधवारी आणतच नाही. उन्हाळ्यात मी पालेभाजी जवळपास बंदच करतो, कारण नवतप्यात, मे अखेरच्या कडक उन्हात, सांबार (कोथिंबीर) दुपारी दोनपर्यंतही धड राहत नाही, ओल्या पोत्याखाली ठेवा, पाणी शिंपडा, चारला त्याची दोरी होते आणि पाच रुपयात तीन जुड्या म्हणून ओरडत बसावं लागते. मग तेव्हा मिरची, हळद, धने. पाऊस लागला की परत भाजी. दुकानात असं वळता येत नाही, तिथं रॅकवर जे आहे ते आहे, तारीख संपेपर्यंत.

२२ सप्टेंबर २०२५ ला साबण, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किटांवरचा जीएसटी १८ वरून ५ वर आला. गिऱ्हाइकाचं चांगलंच झालं. पण ओळखीच्या एका दुकानदाराजवळ दिवाळीचा म्हणून आधीच भरलेला माल होता, जुन्या टॅक्सचा. उलाढाल चाळीस लाखाच्या आत म्हणून त्याच्याजवळ जीएसटी नंबर नाही, आणि नंबर नाही म्हणून भरलेला टॅक्स वळता होत नाही. गिऱ्हाईक दारात उभं राहून म्हणे, "टीव्हीवर तं स्वस्त झालं म्हणते." तो काय बोलणार. ज्या डीलरकडून माल घेतला त्यानं फरक दिला नाही, खिशातून सोसलं. माझं त्या दिवशी काहीच बिघडलं नाही, मी वांगी विकत होतो.

पण थांबा, बाजाराचं एवढं कौतुक ऐकून लगेच काटा घ्यायला पळू नका. नोव्हेंबर २०१६ मधे नोटा बंद झाल्या तेव्हा बाजारवाले नुसते बसून होते, आणि माझी तीच वैतागाची वही त्या दिवसांत कामाला आली, लोक नाव लिहून माल नेत होते आणि दुकान सुरू होतं. मार्च २०२० मधे तर बाजार बंदच पडले, किराण्याला मात्र परवानगी, सकाळी काही तास का होईना. तेव्हा दुकान नसतं तर मी काय केलं असतं याचा विचारच नको. म्हणजे अचानक दणका बसला की दुकान तरून जाते, आणि रोजच्या बारीक बदलात बाजारवाला सुटसुटीत राहतो. आता असे दणके काही दरवर्षी येत नाहीत, उधारी मात्र दरवर्षी येते, म्हणून माझा कल बाजाराकडं.

शरीराचं आणि घराचं वेगळंच आहे. दुकानात सावली, पंखा, पण सुट्टी म्हणून नाही, रात्री दहाला शटर वाजवून माचीस मागतात, सख्ख्या साळ्याच्या लग्नात मी हळदीला गेलो नाही. बाजाराचे तीन दिवस पहाटे चारला उठून लिलावाला, रात्री आठला घरी, कंबर जाते, जेवणाचा नेम नाही, एप्रिलच्या वादळात ताडपत्रीचा बांबू दोन्ही हातानं धरून उभं राहायचं आणि समोर कांदे वाहत जाताना पाहायचे. पण बाकीचे चार दिवस माझे. वावरात जातो, पोरीच्या शाळेत जातो.

कागदपत्रात फार फरक नाही. लहान धंद्याची सरकारी उद्यम नोंदणी फुकट, ऑनलाइन, कोणाला पैसे देऊ नका. खाण्याचा माल म्हणून एफएसएसएआयची (अन्न सुरक्षेची) नोंदणी, आणि इलेक्ट्रॉनिक काट्यावर दरवर्षी शिक्का, दोन्हीकडं.

भाच्याला मी म्हटलं, तू बाजार कर, पण तीन नाही, दोनच, आणि तीस हजाराच्या वर टाकू नको, बाकीच्या पैशाला हात लावायचा नाही. त्याची आई म्हणे दुकान टाका, सून बसंल. हे सगळ्या घरात म्हणतात. सून बसते म्हणजे काय, तर लेकरू मांडीवर, चूल आतमधे अन् गिऱ्हाईक बाहेर, आणि संध्याकाळी गल्ल्याचा हिशोब कमी आला की बोलणी तिलाच. लेकरू अंगणवाडीत जायला लागलं आणि तिला स्वतःला वाटलं तर ओसरीत लहानसं दुकान टाकावं, तेव्हा मुद्राचं पाहू.

आणि ज्याला दुकानच टाकायचं आहे त्यानं निदान जूनमधे टाकू नये. नवीन दुकान म्हणून सगळं गाव येते, पहिल्या महिन्यात माल निम्मा होते अन् वही भरते. दसऱ्याला उघडा, लोकांच्या हातात सोयाबीनचे पैसे असतात तेव्हा, आणि पहिल्या दिवशी पहिल्या माणसाला उधार द्यायचं नाही, मग तो सरपंच असो की सासरा.