‘ऑर्थो’ गादीच्या आत काय निघालं

आठ वर्षं झाली, माझी कंबर दुखते. मणक्यातली एक चकती सरकलेली आहे आणि डाव्या पायाला मुंग्या येतात. रात्री कूस बदलायची तर आधी पलंगाची कड धरावी लागते. मंगल कार्यालयातल्या प्रदर्शनाच्या फलकावर ‘कंबरदुखीसाठी ऑर्थो गादी’ वाचलं आणि मी आत गेले.

पांढरा कोट घातलेल्या माणसाने मला गादीवर आडवं केलं, मणक्यावरून बोट फिरवलं. “ताई, मऊ गादीनेच तुमचं दुखणं वाढलंय. गादी जेवढी कडक, तेवढा मणका सरळ.” तुम्ही डॉक्टर आहात का, हे मी विचारलंच नाही. गादी उचलून बघा म्हणाला. सिंगल गादी, पण एकटीला उचलेना. जड म्हणजे भरीव, असंच मला वाटलं. किंमत ३८,००० रुपये, ‘फक्त आज’ २४,०००. पैसे रोख दिले.

तीन आठवड्यांत कुशीवर झोपणं अशक्य झालं. खांदा आणि खुबा ठणकायचे, कंबर मधेच अधांतरी. दोन महिन्यांत मधे खळगाही पडला. शेवटी गल्लीतल्या गादीवाल्याला बोलावलं. त्याने ब्लेडने एका कडेची शिवण उसवली. वर जेमतेम एक इंच पांढरा फोम, आणि त्याखाली गुलाबी, पिवळे, हिरवे, करडे तुकडे गोंदाने चिकटवून दाबलेले. मी बोटाने ओढलं तर कडेचे तुकडे हातात सुटून आले. “हा रिबॉन्डेड, ताई. कारखान्यातल्या कातरणांचा,” तो म्हणाला. रिबॉन्डेड वापरणं हा काही गुन्हा नाही, स्वस्त गाद्यांत तो असतोच. पण मला तो ‘मेमरी फोम’, म्हणजे अंगाच्या आकाराप्रमाणे दबणारा फोम, असं सांगून विकला होता. साध्या फोमची पाच इंची सिंगल गादी आठ-दहा किलोची भरते. मी ज्या वजनावर भाळले, ते या दाबलेल्या चुऱ्याचं होतं.

नंतर फिजिओथेरपिस्टकडे गेले. कडक गादीच चांगली, हा समज जुना आहे, असं त्यांनी सांगितलं. स्पेनमध्ये जुनाट कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांवर झालेला अभ्यास २००३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता; त्यात कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना जास्त आराम पडला. कुशीवर झोपल्यावर खांदा-खुबा थोडे रुतले पाहिजेत आणि कंबरेखाली पोकळी राहता कामा नये. दुकानात हे बघायला दोन मिनिटं पुरत नाहीत. निदान पंधरा मिनिटं, तीही आपण रोज झोपतो त्याच कुशीवर.

‘ऑर्थो’ हा शब्द कुणीही छापू शकतो. खोळीला चेन असलेलीच गादी बघा आणि ती उघडायला लावा. फोमची घनता आणि थरांची जाडी बिलावर लिहून घ्या. माझ्या बिलावर जीएसटी क्रमांक नव्हता, पत्ता अर्धवट होता, खाली ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असा शिक्का. त्या शिक्क्याला घाबरू नका. सदोष माल परत न घेणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. विक्रेत्याचा फोन बंद लागल्यावर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला शुल्क लागत नाही. तिथला अर्जही आता तयार आहे.

उसवलेली गादी भिंतीला उभी करून ठेवली आहे, पुरावा म्हणून. गेल्या आठवड्यात बहिणीने तिच्या गावातल्या फलकाचा फोटो पाठवला. तोच मजकूर, तोच पांढरा कोट. मी तिला लगेच फोन केला.