जुन्या वाड्यांच्या चौकटी : पुण्यातील एका वखारीचा अनुभव

मुळशी तालुक्यात, पौडच्या पुढे, सासरच्या वडिलोपार्जित जमिनीवर आम्ही दोघे गेली दोन वर्षे घर बांधत आहोत. ठेकेदार नेमलेला नाही. दोन गवंडी, त्यांच्या हाताखाली गावातील माणसे आणि शनिवार-रविवारी आम्ही, अशी ही व्यवस्था आहे. भिंती काळ्या दगडाच्या आणि चुन्याच्या असल्यामुळे त्यांत पत्र्याच्या चौकटी बसवणे जिवावर आले होते, आणि नव्या सागाचा घनफुटाचा भाव ऐकल्यावर तोही विचार आम्ही सोडून दिला. म्हणून भवानी पेठेतील टिंबर मार्केटच्या आसपास पाडलेल्या वाड्यांचे लाकूड विकणारी जी एक वखार आहे, तिच्याकडे आम्ही फेब्रुवारीपासून चार खेपा घातल्या आणि दोन झडपांचे मुख्य दार, दोन साधी दारे व गजांच्या तीन खिडक्या घेतल्या.

वखार म्हणजे पत्र्याच्या छपराखालची अंधारी जागा आहे. तुळया, खांब, कडीपाटाच्या फळ्या, दारावर बसवायच्या, गणपती कोरलेल्या गणेशपट्ट्या आणि कोयंड्यांसकट उपटून आणलेल्या चौकटी भिंतीला टेकवून ठेवलेल्या असतात, आणि हवी ती चौकट नेमकी सर्वांत मागे असते. तरीही मालकांनी, ज्यांना तिथे सगळे ‘शेठ’ म्हणतात, आमच्यासाठी सात-आठ चौकटी एकेक करून पुढे काढायला लावल्या आणि टेप लावून मापे घेईपर्यंत कुरकुर केली नाही. ‘ताई, आधी चौकट घ्या, मग भिंत चढवा,’ हे त्यांचे पहिलेच वाक्य होते आणि ते आमच्या सर्वाधिक उपयोगी पडले. जुन्या चौकटी कोणत्याही एका ठरावीक मापाच्या नसतात. दोन जुळ्या वाटणाऱ्या खिडक्यांतही इंच-दीड इंचाचा फरक निघतो. भिंतीत आधी भगदाड ठेवून त्या मापाची चौकट शोधत बसणाऱ्याला इथून रिकाम्या हाताने परतावे लागेल. आम्ही विसार दिल्यावर शेठनी माल पाच आठवडे बाजूला ठेवला आणि त्या मापांवरून आमच्या गवंड्यांनी दगड रचले.

उंची हा दुसरा प्रश्न होता. मुख्य दाराच्या चौकटीची आतली उंची साडेपाच फूट आणि माझ्या पतींची पाच फूट दहा इंच. शेठनी सुचवले, की उंबरठ्याखाली चार इंची दगडी पट्टी घाला. ओलांडताना पाय थोडा जास्त उचलावा लागेल, पण पाय जमिनीवर आणि डोके मोकळे राहील. शिवाय उंबऱ्याचे लाकूड थेट ओलाव्यावर बसणार नाही. ताम्हिणीकडून येणारा पाऊस पाहता हे दुसरे कारणच आम्हाला अधिक पटले.

लाकडाच्या प्रतीबद्दल तक्रार नाही, मात्र ती स्वतः तपासून घ्यावी लागते. सागाच्या गाभ्यातील नैसर्गिक तेलामुळे वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. बाहेरचा फिकट भाग मात्र किडीला बळी पडतो. आम्ही टोच्याने कडा टोचून पाहिल्या आणि भोकांखाली ताजा, पिठासारखा भुसा दिसला ती एक खिडकी परत ठेवली, कारण जुनी भोके चालतात, पण ताजा भुसा म्हणजे कीड आत जिवंत आहे. जुन्या तैलरंगांबाबतही सावध राहावे. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांपुरते मर्यादित करणारा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. त्याआधीच्या थरांत शिसे कितीही असू शकते. कोरडा पॉलिश कागद घासून ती धूळ श्वासात घेण्यापेक्षा रंग ओला करून खरवडणे बरे. वखारीत मात्र हा रंग उघड्यावर यंत्राने घासला जातो आणि तिथल्या मुलांच्या तोंडाला साधा रुमालही नसतो, हे मला अजिबात आवडले नाही.

इतिहासाच्या बाबतीत शेठ उदार आहेत. त्यांच्याकडच्या निम्म्या चौकटी ‘पेशवेकालीन’ आणि उरलेल्या १९६१ च्या पानशेतच्या पुरातून वाचलेल्या. आमच्या ‘पेशवेकालीन’ दाराच्या फळीवर गोल करवतीचे कमानदार ओरखडे होते, म्हणजे ती यंत्रावर चिरलेली आहे. हे दाखवल्यावर शेठ हसले आणि किंमत तीन हजारांनी उतरली. पक्के बिल मात्र दोनदा मागावे लागले. गणेशपट्टीसाठी वेगळे पैसे मागितले गेले, तेव्हा आम्ही ती घेतली नाही; कोणाच्या तरी घरचा गणपती तोलून घेण्याची कल्पना दोघांनाही रुचली नाही.

खरी नाराजी बसवण्याच्या कामाची आहे. वखारीने पाठवलेल्या सुताराने एप्रिलच्या कोरड्या हवेत झडपा रंधून चौकटीला अगदी चापून बसवल्या. जुने लाकूड आता हलत नाही, असे त्याचे म्हणणे होते. सागवान शंभर वर्षांचे असले तरी दमट हवेत ते रुंदीत फुगतेच, लांबीत जवळजवळ नाही. रुंद फळ्यांच्या दोन झडपा मिळून तो फरक चांगलाच जाणवतो. जुलैत मुख्य दार असे अडकले की आम्ही स्वयंपाकघरातून ये-जा करत होतो. फोन केल्यावर सुतार तीन आठवड्यांनी आला, फुगलेल्या अवस्थेतच दार रंधू लागला आणि माझ्या पतींनी त्याला थांबवले; तसे केले असते तर उन्हाळ्यात दोन झडपांमधून अंगण दिसले असते. शेवटी आमच्या गावातील सुताराने थोडीच कड काढून जवसाचे तेल दिले, आणि त्याची मजुरी आम्हीच भरली. शेठनी ती परत देण्याचे मान्य केले होते. अद्याप दिलेली नाही.

लाकडासाठी आम्ही पुन्हा तिथेच जाऊ, बसवण्यासाठी नाही. माळ्यावरची खिडकी अजून घ्यायची आहे आणि तिच्या मापाची एक चौकट शेठनी मागच्या रांगेत दाखवली आहे. ती आम्ही दिवाळीनंतर, वखारीतला चिखल वाळल्यावर आणू आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत झडपा न रंधता नुसत्याच लावून ठेवू.