लंडनच्या बरोंचे युद्धकाळातले आरोग्य अहवाल: वेलकम कलेक्शनचा संग्रह कितपत कामाचा?

लंडनच्या आरोग्य अधिकाऱ्यांचे १८४८ ते १९७२ या काळातले साडेपाच हजारांहून अधिक अहवाल वेलकम कलेक्शन या लंडनमधल्या आरोग्यविषयक संग्रहालय-ग्रंथालयाने स्कॅन करून फुकट खुले केले आहेत. अख्खा अहवाल पीडीएफमध्ये उतरवता येतो, पानेही स्वच्छ दिसतात. जन्म-मृत्यूच्या आकड्यांवर काम करणाऱ्याला याहून सोयीचा साठा क्वचितच मिळेल. १९३९ ते १९४५ चे अहवाल मात्र सरळ उचलून आलेखात टाकण्यासारखे नाहीत.

आधी नावांचा घोळ. टॉवर हॅम्लेट्स हा बरो (म्हणजे लंडनचा स्थानिक प्रशासकीय विभाग) १९६५ मध्ये झाला. युद्धातले त्याचे आकडे स्टेपनी, पॉप्लर आणि बेथनल ग्रीन या तीन नावांखाली आहेत. शिवाय रुग्णालये आणि शाळकरी मुलांची तपासणी बरोंच्या वरच्या लंडन काउंटी कौन्सिलकडे होती, त्यामुळे तिचे अहवाल वेगळे काढावे लागतात.

खरी गोम छेदात, म्हणजे दर काढताना ज्या लोकसंख्येने भागायचे तिच्यात आहे. मृत्यूंची नोंद पक्की, पण ते भागायचे कशाने? सप्टेंबर १९३९ च्या पहिल्या तीन दिवसांत ब्रिटनच्या शहरांतून सुमारे १५ लाख लोक सरकारी योजनेखाली हलवले गेले, त्यांत बहुतेक मुले, लेकुरवाळ्या आणि गरोदर बायका. महिनाअखेरीस झालेली राष्ट्रीय नोंदणी या पांगापांगीनंतरची, आणि १९४१ ची जनगणना झालीच नाही. १९३९ च्या अहवालांत म्हणूनच अनेकदा दोन लोकसंख्या दिसतात: एक जन्मदरासाठी, दुसरी मृत्युदर आणि साथींसाठी. दर काढताना त्यांची अदलाबदल करू नका. मागे उरलेली वस्ती वयस्क असल्याने आजार वाढला नसतानाही ढोबळ (वयाचा विचार न करता काढलेला) मृत्युदर चढतो. त्यावरून ‘ईस्ट एंडची (लंडनच्या पूर्व भागाची) तब्येत खालावली’ असा निष्कर्ष काढणारे लेख अजून वाचायला मिळतात, हे नवलच.

त्यापेक्षा अर्भक मृत्युदर (एक वर्षाच्या आतल्या मुलांचा) धरा. तो जिवंत जन्मांवर काढतात, त्यामुळे लोकसंख्येचा अंदाज त्याच्या आड येत नाही. इंग्लंड-वेल्समध्ये तो हजारी १९३९ ला ५१, १९४१ ला ६० आणि १९४५ ला ४६ होता. बरोचा आकडा याच्या शेजारी ठेवून पाहा. छोट्या बरोत जन्मच कमी असतील, तर तीन-तीन वर्षे एकत्र करा, नाहीतर चार मृत्यूंनी दर उड्या मारतो.

मृत्यू राहत्या पत्त्यावर मोजले जात, घडल्या जागेवर नव्हे. ३ मार्च १९४३ ला बेथनल ग्रीनच्या भुयारी स्थानकात चेंगराचेंगरीत १७३ जण गेले. त्यांतले जे शेजारच्या बरोत राहत होते, ते बेथनल ग्रीनच्या बेरजेत शोधून मिळणार नाहीत. हवाई हल्ल्यांतले मृत्यूही ‘इतर हिंसक कारणे’ या ओळीत मिसळलेले असतात. आणखी एक खड्डा: १९४० पासून मृत्यूचे मुख्य कारण ठराविक नियमांऐवजी दाखला देणाऱ्या डॉक्टरच्या मतावर ठरू लागले. कारणवार रेषा १९३९ आणि १९४० च्या मध्ये तोडूनच काढावी.

साथींचे आकडे त्यामानाने सोपे, फक्त काय मोजले आहे ते बघा. घटसर्पाची नोंद डॉक्टरांच्या सूचनेवरून होई. खरजेच्या तक्त्यात बहुधा उपचार केंद्रावर आलेली माणसे असतात, म्हणजे दोन्ही आकडे एका मापाचे नाहीत.

ओसीआर, म्हणजे स्कॅनमधली अक्षरे संगणकाने ओळखून केलेला मजकूर, हा संग्रहाचा सर्वांत कच्चा भाग. शब्द शोधायला ठीक, पण तक्त्यात ३ चा ८ होतो, दशांश चिन्ह गळते, दोन रकाने एकमेकांत घुसतात. आकडे प्रतिमेवरून हाताने भरा. जन्मांच्या तक्त्यात मुलगे-मुली आणि औरस-अनौरस अशा चार आकड्यांची बेरीज छापलेल्या एकूण जन्मांशी जुळली, तरच पुढच्या पानावर जा.