जुना फ्लिपर अडकतोय: नुसती स्लीव्ह बदलायची की अख्खं किट घालायचं?

पिनबॉल यंत्रात चेंडू उडवणारा फ्लिपर वर जातो आणि वरच राहतो, किंवा बटण सोडल्यावर गोगलगायीसारखा रमतगमत खाली येतो. विल्यम्स कंपनीच्या १९८६ ते १९९० मधल्या सिस्टिम ११ या पिढीच्या यंत्रांवर (हाय स्पीड, पिन-बॉट वगैरे) ही तक्रार नेहमीची. उपाय दोन: स्लीव्ह (फ्लिपर ओढणाऱ्या कॉइलच्या आतली नळी, जिच्यात प्लंजर नावाचा लोखंडी दांडा सरकतो) आणि अगदीच लागेल तेवढंच बदला, किंवा दोन्ही फ्लिपरना पूर्ण किट, म्हणजे झिजणाऱ्या भागांचा अख्खा संच, घाला. दोन्ही बरोबर असू शकतात. माझा कल कुठे आहे ते पुढे कळेलच.

पैसे खर्च करण्याआधी एक चाचणी. फ्लिपर वर अडकलेला असतानाच यंत्राचा स्विच बंद करा. बॅट (फ्लिपरचा चेंडू मारणारा भाग) धपकन खाली आली तर दोष विजेचा. या पिढीत कॉइलचा प्रवाह थेट कॅबिनेटच्या बटणामागच्या पात्यांमधून जातो. ती पाती चिकटली असतील किंवा वाकून एकमेकांना टेकली असतील. मग स्लीव्हही नको आणि किटही नको. वीज गेल्यावरही बॅट वरच राहिली तर अडथळा यांत्रिक आहे. प्लग काढा, प्लेफील्ड (चेंडू फिरतो ती फळी) उभं करा आणि बॅट बोटाने सावकाश फिरवा. वरच्या बाजूला रबर कुठे घासतंय का, बॅट प्लेफील्डला टेकून फिरतेय का, स्प्रिंग तुटलीय का, हे पाच मिनिटांत दिसतं. यातलं काहीच नसेल तर प्लंजर स्लीव्हमध्ये अडकतोय.

स्वस्त उपाय खरोखरच सोपा आहे. कॉइल स्टॉपचे (प्लंजर ज्यावर आपटून थांबतो त्या तुकड्याचे) स्क्रू काढले की कॉइल मोकळी होते, जुनी स्लीव्ह ढकलून काढायची, नवी घालायची. बॅटला हात लावावा लागत नाही, म्हणजे तिचा कोन बिघडत नाही. हा या उपायाचा सगळ्यात मोठा फायदा, आणि तो थोडाथोडका नाही. नवी स्लीव्ह बोटांच्या जोराने सरकली पाहिजे, हातोडी घ्यायची नाही. ती सरकतच नसेल तर कॉइलचं आतलं प्लास्टिक उष्णतेने आक्रसलंय आणि कॉइलच बदलावी लागेल. ती किटमध्येही सहसा येत नाही, हे मागवतानाच लक्षात ठेवा. स्लीव्हमध्ये तेल किंवा स्प्रे अजिबात नको. दोन दिवस फ्लिपर लोण्यासारखा चालतो, मग धूळ बसून त्याचं खळ होतं. ही जागा कोरडीच चालण्यासाठी बनवलेली आहे.

स्लीव्ह काढलीच आहे तर प्लंजरचं टोक पाहा. वर्षानुवर्षं कॉइल स्टॉपवर आपटून त्याची कड आळंबीच्या छत्रीसारखी बाहेर फुगते. ती कड स्लीव्हला आतून ओरबाडते आणि शेवटी तिथेच रुतते. कानशीने ४५ अंशात कड मारून काम भागतं, पण ते तात्पुरतं. समोरच्या कॉइल स्टॉपला खड्डा पडलेला असतो आणि त्यावर आपटून कड पुन्हा फुगते. म्हणून प्लंजर बदलायचा तर स्टॉपही बदलायचा, एकटा नाही. प्लंजर लिंकसकट (बॅट फिरवणाऱ्या क्रँकशी त्याला जोडणाऱ्या पट्टीसकट) जोडलेलाच घ्यावा. जुन्या लिंकची पिन ठोकून काढण्यात जाणारा वेळ त्या चार पैशांच्या बचतीत बसत नाही.

इथपर्यंत स्वस्त उपायाचं पारडं जड वाटेल. माझं मत फिरवलं ते एका त्रासाने: गार असताना चालणारा आणि तापल्यावर अडकणारा फ्लिपर. नवी स्लीव्ह घातली, प्लेफील्ड उभं असताना पन्नास वेळा बटण दाबून पाहिलं, चकाचक. काच बसवली, वीस-पंचवीस मिनिटं खेळ झाला आणि डावा फ्लिपर पुन्हा वरच. मग पुन्हा काच, पुन्हा बॉल काढणे, पुन्हा प्लेफील्ड. दोष स्लीव्हचा नव्हताच, स्लीव्ह फक्त शिक्षा भोगत होती.

कारण असं. या कॉइलमध्ये दोन वेटोळी असतात. एफएल-११६३० ही कॉइल घेतली तर जोराचं वेटोळं ४.७ ओहम आणि धरून ठेवणारं १६० ओहमच्या आसपास. ५० व्होल्टला पहिल्यातून दहा अँपिअरच्या वर प्रवाह जातो, दुसऱ्यातून जेमतेम पाव ते एक तृतीयांश अँपिअर. फ्लिपर वर पोचला की क्रँकचं बोट ईओएस (एंड ऑफ स्ट्रोक, म्हणजे फ्लिपरची फेरी संपताना चालणाऱ्या) स्विचचं पातं ढकलतं, संपर्क उघडतो आणि जोराचं वेटोळं सुटतं. आता लिंकचं भोक झिजून लंबगोल झालं असेल तर प्लंजर स्टॉपला टेकतो, पण क्रँक पूर्ण फिरत नाही. पातं कधी उघडतं, कधी नाही. न उघडल्यावर बटण दाबून चेंडू धरून ठेवला की कॉइल भट्टी होते आणि स्लीव्ह मऊ पडून प्लंजरला धरते. म्हणजे लिंक, स्टॉप, ईओएस आणि स्लीव्ह ही एकच साखळी आहे. त्यातली एक कडी नवी घातली की उरलेल्या जुन्या तिला खातात.

किट ही साखळी एकदम बदलतं: प्लंजर-लिंक, स्टॉप, स्लीव्ह, स्प्रिंग, बुशिंग (बॅटची दांडी जिच्यात फिरते ती बाही), ईओएस आणि बऱ्याचदा २.२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटरही, जो ईओएसवरची ठिणगी आवरतो. किट मागवताना यंत्राचं वर्ष पाहूनच मागवा. १९९२ पासूनच्या फ्लिपट्रॉनिक्स (इलेक्ट्रॉनिक पद्धतीने चालणाऱ्या फ्लिपरच्या) यंत्रांचा ईओएस एरवी उघडा असतो, आपल्याला एरवी बंद असलेला हवा. चुकून तो लागला तर जोराच्या वेटोळ्याला प्रवाहच मिळत नाही आणि फ्लिपर नुसता कण्हतो. आपल्या स्विचचे संपर्क टंगस्टनचे, ते बारीक कानशीने साफ करता येतात. नव्या पिढीच्या सोन्याच्या मुलाम्याला कानस लावली की तो संपला.

किटचा त्रासही सांगायला हवा. बुशिंग बदलायला बॅट पूर्ण बाहेर काढावी लागते, मग कोन आणि उंची नव्याने. बॅटला वर-खाली सुमारे १/३२ इंच हालचाल ठेवा. तेवढी नसेल तर बुशिंगवर घासून ती नव्यानेच अडकायला लागते, आणि मग आपण निष्पाप स्लीव्हवर संशय घेतो. खाली असताना बॅट शेजारच्या गाइडच्या (चेंडू घरंगळत येतो त्या पट्टीच्या) रेषेत हवी. क्रँकचा बोल्ट आधी अर्धवट आवळा, वरून पाहा, मग पूर्ण. पान्ने आणि ॲलन की इंचाच्या मापाच्याच घ्या. आपल्याकडच्या मिलिमीटरच्या संचातली ‘जवळपास बसणारी’ की स्क्रूचं डोकं खाते. ईओएस असा वाकवा की फ्लिपर पूर्ण वर असताना फट १/१६ ते १/८ इंच उघडेल, आणि तीही अगदी शेवटच्या टप्प्यात. आधीच उघडली तर फटका कमजोर होतो.

यंत्र फारसं खेळलेलं नसेल, लिंकचं भोक गोल असेल, स्टॉप सपाट असेल, तर नुसती स्लीव्ह पुरेशी आहे. तिथे किट घालणं उधळपट्टीच म्हणावी लागेल. सुटे भाग अमेरिकेहून मागवणाऱ्याला मात्र एक हिशोब वेगळा पडतो: स्लीव्हचं पाकीट आणि किटचा डबा, टपालखर्चात फार फरक पडत नाही. शिवाय एकच बाजू नवी केली तर दुसरी बाजू लगेच मरगळलेली वाटायला लागते. दोन्ही एकदम केलेल्या बऱ्या.

यातलं काहीही केलंत तरी काच बसवण्याआधी वीस मिनिटं खेळा, चेंडू मुद्दाम धरून ठेवत. मग प्लग काढून दोन्ही कॉइलना हात लावा. दोन्ही सारख्या कोमट असतील तर ठीक. एक चटका देत असेल तर त्या बाजूचा ईओएस अजून उघडत नाहीये, पातं थोडं आणखी वाकवा.