रनिंग अलाउन्सची सूट आणि नवी पेठेतलं एक छोटं टॅक्स ऑफिस

२०२४-२५ च्या रिटर्नवर २४,७०० रुपये रिफंड आला. मी सोलापूर डिव्हिजनला मालगाडीवर लोको पायलट आहे आणि हे पैसे जवळजवळ पूर्णच्या पूर्ण रनिंग अलाउन्सच्या (गाडी चालवल्याबद्दल मिळणारा भत्ता, आम्ही मायलेज म्हणतो) टॅक्स सवलतीमुळं आले, म्हणून हा रिव्ह्यू जरा सविस्तर लिहितोय, आपल्या रनिंग स्टाफनी (लोको पायलट, गार्ड) तरी शेवटपर्यंत वाचा.

ऑफिस नवी पेठेत आहे, जुन्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर. एक मॅडम आणि एक कॉम्प्युटरवर बसणारा मुलगा, एवढाच स्टाफ. लॉबीत साइन ऑफ करताना (ड्युटी संपल्याची सही करताना) आमच्या एका सीनियर गार्डनी सांगितलं (आता ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण आमच्या तोंडात गार्डच बसलंय) की एकदा जाऊन तर ये, म्हणून गेलो.

आधी मी दुसऱ्या एकाकडं भरत होतो, नाव लिहीत नाही. फॉर्म १६ व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचा, ५०० रुपये पाठवायचे, संध्याकाळपर्यंत पावती येते, मला वाटायचं किती सोयीचं आहे. पण तीन वर्षांत त्यानं एकदाही विचारलं नाही की तुम्ही नोकरी काय करता. २०२३-२४ पासून न्यू रिजीम (नवी करपद्धत, दर कमी पण बहुतेक सवलती नाहीत) आपोआप लागते, जुनी पाहिजे तर आपण सांगावं लागतं, मी डिक्लेरेशन दिलं नाही ही माझी चूक, मान्य आहे. पण रिटर्न भरताना पगारदार माणसाला जुनी निवडता येते हे त्यानं सांगायला पाहिजे होतं की नाही? मॅडमना मागच्या वर्षाचं विचारलं तर त्या स्पष्ट म्हणाल्या, मुदतीत भरलेल्या रिटर्नमध्येच जुनी घेता येते, ते वर्ष गेलं. वाईट वाटलं, पण खोटी आशा लावली नाही हे बरं केलं.

मॅडमचा पहिलाच प्रश्न होता, "दादा, मायलेज महिन्याला किती पडतं? बारा महिन्यांच्या पे स्लिपा आणल्यात का?" मी फक्त फॉर्म १६ नेलेला, तर परत पाठवलं. तेव्हा राग आला कारण रात्रीची ड्युटी करून झोप न घेता गेलो होतो. नंतर कळलं की स्लिपा कशाला पाहिजेत.

मी रिटर्न भरलं त्या वर्षीचा नियम असा होता. गाडी एका गावाहून दुसऱ्या गावाला नेताना ड्युटीत स्वतःचा जो खर्च होतो, म्हणजे मुख्य करून खाणंपिणं, त्यासाठी ट्रान्सपोर्टमधल्या कर्मचाऱ्याला जो अलाउन्स मिळतो त्यातला ७० टक्के भाग टॅक्समधून सुटायचा, पण महिन्याला जास्तीत जास्त १०,००० रुपये. १९६१ च्या आयकर कायद्यात कलम १०(१४) मध्ये यायचं हे. ज्याला डेली अलाउन्स मिळायचा त्याला ही सूट नव्हती. ही मर्यादा सप्टेंबर २००८ मध्ये ६ हजाराची १० हजार झाली आणि मी ज्या वर्षाचं रिटर्न भरलं त्या वर्षीही तेवढीच होती, म्हणजे डाळ तांदूळ गॅस कुठल्या कुठं गेलं आणि आमचा आकडा तिथंच होता.

हिशोब महिन्यागणिक करायचा असतो. माझा एकही महिना १५ हजाराच्या खाली नव्हता म्हणून बारा महिने पूर्ण १०-१० हजार धरले, वर्षाचे १,२०,०००. माझ्या बॅचचा एकजण दोन महिने आजारी होता, त्या महिन्यांत मायलेजच नाही, मग त्याची सूट त्या प्रमाणात कमी झाली. सरसकट १,२०,००० टाकून मोकळं होता आलं असतं, पण मॅडमनी त्याच्या प्रत्येक स्लिपवर पेन्सिलनं आकडा मांडला, मला हे सगळ्यात जास्त आवडलं.

माझा हिशोब उघड लिहितो, कुणाला उपयोग होईल. २०२४-२५ चा ग्रॉस ११,४०,०००. न्यू रिजीममध्ये ७५ हजार स्टँडर्ड डिडक्शन जाऊन टॅक्स ६२,१४० आणि तेवढा पगारातून कापूनच गेलेला. जुन्यात स्टँडर्ड ५० हजार, प्रोफेशनल टॅक्स २,५००, ८०सी चे (एलआयसी, पीएफ) दीड लाख, घराच्या कर्जाचं व्याज दोन लाख आणि रनिंग अलाउन्सचे १,२०,०००, हे सगळं वजा करून टॅक्स आला ३७,४४०. आता गंमत नाही, खरी गोष्ट बघा, यातून फक्त रनिंग अलाउन्स काढला तर जुन्यातला टॅक्स ६२,४०० होतो, म्हणजे न्यूपेक्षाही थोडा जास्तच. घराचं कर्ज, एलआयसी, पीएफ सगळं असूनही फरक पडला तो या एकाच ओळीनं, आणि तीच ओळ आधीच्या माणसानं कधी वाचली नव्हती.

मला या पैशाचं इतकं का वाटतं तेही सांगतो. रात्री दोनचा कॉल आला की घरातून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून निघतो, ती दोन दिवस टिकते म्हणून, कालवण नेलं तर उन्हाळ्यात इंजिनमध्ये आंबतं. पुढं गाडी लूपला (बाजूच्या लाइनला थांबवून) कधी लागेल, किती तास उभी राहील काही सांगता येत नाही. रनिंग रूमला (बाहेरगावी आमच्या विश्रांतीची जागा) पोचेस्तोवर जेवणाची वेळ उलटून गेलेली असते, मग कधी तिथं, कधी स्टेशनबाहेर जे मिळेल ते. घरापासून लांब पोटाला जे घालावं लागतं त्याचा हा पैसा आहे, तो कायद्यानं सुटत असेल तर सुटलाच पाहिजे.

मी हॉटेलची बिलं पण जमवून नेली होती, एक पिशवी भरून. मॅडम म्हणाल्या ही लागत नाहीत, ही सूट ठरलेल्या टक्क्यानं मिळते, खर्च किती केला त्यावर नाही. पे स्लिपा मात्र जपून ठेवा म्हणाल्या.

माझ्या आधी एक ट्रकमालक बसले होते, मार्केट यार्डातून कांदा नेतात, स्वतःच चालवतात. त्यांनी मोबाइलवर बघितलेलं की कॅनडात ट्रक ड्रायव्हरला जेवणाचे २३ डॉलर असे दिवसाला तीन वेळचे धरून त्याच्या ८० टक्के सूट मिळते, मग आम्हाला का नाही. मॅडमनी न वैतागता सांगितलं की ते तिथल्या कायद्यात आहे, तिथंही प्रवास २४ तासांचा आणि गाव १६० किलोमीटरच्या पलीकडं लागतं, मालकाची सही लागते. इथं तुम्ही ४४एई या कलमात अंदाजी उत्पन्न धरून भरताय, १२ टनाच्या वरच्या गाडीला टनामागं महिन्याला १,००० रुपये उत्पन्न धरतात, डिझेल टोल जेवण सगळं त्यातच आलं, वेगळं काही टाकता येत नाही. माणूस थोडा नाराज झाला पण समजून गेला.

एका पोरानं, आमचाच असिस्टंट आहे, डोनेशन दाखवून रिफंड वाढवून द्या म्हटलं तर सरळ नाही म्हणाल्या. जुलै २०२५ मध्ये असल्या बोगस कपातींवर आयकर खात्यानं देशभर दीडशे ठिकाणी तपासणी केली होती, तो संदर्भ देऊन त्याला समजावलं. शिवाय त्याचा पगार इतका कमी की न्यू रिजीममध्ये टॅक्स शून्यच होता, मग रनिंग अलाउन्सची सूट घेऊन तरी काय करणार, तसंच भरलं.

मलाही निघताना सांगितलं की २०२५-२६ ला जुन्याच्या मागं लागू नका. करपात्र उत्पन्न १२ लाखापर्यंत न्यूमध्ये शून्य, म्हणजे पगारदाराला पावणेतेरा लाखापर्यंत काहीच नाही, तुमची रनिंगची सूट न्यूमध्ये मिळत नाही पण तुम्हाला गरजही नाही. मला दुसऱ्यांदा फी द्यायला लागू नये असा सल्ला देणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला. माझ्या सीनियर मेल लोको पायलटना मात्र, ज्यांचं उत्पन्न त्याच्या वर जातं, दोन्हीकडून मांडूनच बघा म्हणाल्या.

तक्रारी आहेत. जिने उंच आहेत, गुडघेवाल्यांचे हाल. गाडी लावायला जागा नाही, पार्क चौकाकडं लावून चालत या. फोन उचलत नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये मुदत १६ तारखेपर्यंत वाढली होती तरी शेवटच्या आठवड्यात दोन तास उभा होतो. फी ८०० घेतली, मला योग्य वाटली. पाचापैकी साडेचार.

जाताना बारा पे स्लिपा, फॉर्म १६, कर्जाच्या व्याजाचं सर्टिफिकेट कर्ज खात्याच्या नंबरासकट आणि पॉलिसी नंबर न्या, रिटर्नमध्ये ते विचारतात. दुपारी २ ते ४ बंद असतं, नाइट करून जाणार असाल तर सकाळी ११ ला जा.