ऑटोमॅटिक पिकअप, १४ महिने: गिअर ‘पी’मध्ये अडकला त्याची गोष्ट

गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. सेकंडहँड घेतली आहे, आणि आधीच्या मालकानं तिच्यावर जे प्रयोग केले होते त्याचं खापर कंपनीवर फोडणं बरोबर नाही. डबल कॅब, डिझेल, सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टरवाला ऑटोमॅटिक. दिवाळीनंतर घेतली, बडोद्याचा जीजे-०६चा नंबर चढवला, आज १४ महिने आणि १६,४०० किलोमीटर झाले.

घेतली ती डाव्या गुडघ्यापायी. पादऱ्याच्या बाजूला आमचं थोडं शेत आहे. दर आठवड्याला शेणखताची पोती, रोपं, पाण्याचे ड्रम घेऊन दांडिया बाजारातून निघायचं, अकोट्याचा पूल ओलांडायचा आणि अटलादऱ्यावरून पादरा रोडला लागायचं. जुन्या गाडीत पुलापर्यंत पोचेपर्यंतच क्लचनं गुडघा बोलायला लागायचा. आता परत आल्यावर मी जिना धरून न चढता सरळ चढतो. गाडीबद्दल याहून मोठं कौतुक माझ्याकडे नाही. अॅव्हरेज गावात साडेदहाच्या आसपास, पादरा रोडला बारा-साडेबारा. मागचे लीफ स्प्रिंग रिकाम्या हौद्याला दणके देतात, दोन पोती टाकली की शहाण्यासारखे वागतात. एसी उत्तम. बाकी गाडीबद्दल एवढंच, कारण हे सगळं लिहायला बसलोय ते गिअरच्या दांड्यासाठी.

पहिल्यांदा अडकला तो जुलैमध्ये, खंडेराव मार्केटपाशी. सकाळी साडेसहाला झेंडूच्या टोपल्या हौद्यात ठेवल्या, गाडी सुरू केली, ब्रेक दाबला, दांड्याचं बटण दाबलं आणि ओढला. ढिम्म. पुन्हा ओढला. मागे टेंपोवाला हॉर्न वाजवतोय, फुलवाली मावशी विचारतेय की काका, काय झालं. इंजिन मजेत चालू, दांडा ‘पी’मध्ये, म्हणजे पार्किंगच्या जागी, सिमेंटात रोवल्यासारखा. पाच मिनिटं झगडलो. शेवटी आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनला फोन केला, तो स्कूटरवर आला. मला वाटलं हा आत बसून दांडा हलवेल. तो गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला.

“काका, ब्रेक दबावो तो.”

दाबला.

“पाछळ कंई थतुं नथी. गिअरने कंई नथी थयुं, काका. लाइटनुं लफरुं छे.” म्हणजे मागे काही लागत नाही, गिअर ठीक आहे, लफडं दिव्याचं आहे.

आता माझी लाज सांगतो. मी इलेक्ट्रिकल डिप्लोमावाला. मकरपुरा जीआयडीसीत २७ वर्षं कंट्रोल पॅनेल बांधली. मोठी मोटर चालू करणाऱ्या स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये स्टारचा कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेवर चालणारा मोठा स्विच, ओढलेला असताना डेल्टाचा ओढला गेला तर थेट शॉर्ट, म्हणून दोघांमध्ये इंटरलॉक, म्हणजे एक चालू असताना दुसऱ्याला अडवणारी सोय, घालायचा, हे मी झोपेतही वायरिंग करून दाखवीन. पॅनेल चालू होत नाही असा फोन आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला: मोटर सोड, इंटरलॉकचा कॉन्टॅक्ट बघितलास का? आणि माझ्याच बुडाखाली इंटरलॉक बसून होता तर मी मोटरला शिव्या देत होतो.

प्रकार असा असतो. ‘पी’मध्ये दांडा टाकला की गिअरबॉक्सच्या आत एक लोखंडी खिट्टी दातेरी चाकात जाऊन बसते आणि चाकांकडे जाणारा शाफ्ट धरून ठेवते. त्याशिवाय दांड्याच्या बुडाशी एक छोटा सोलेनॉइड, म्हणजे वीज मिळाली की सरकणारा खिळा, असतो, तो दांड्यालाच कुलूप लावतो. चावी ऑन आणि ब्रेकवर पाय, या दोन्ही गोष्टी कळल्या की सोलेनॉइडला सप्लाय मिळतो, ‘टक’ असा आवाज येतो आणि कुलूप सुटतं. पोरानं खेळता खेळता दांडा ओढला आणि गाडी निघाली, असं होऊ नये म्हणून ही सोय. अमेरिकेत १ सप्टेंबर २०१० पासून बनलेल्या, एकूण वजन ४,५३६ किलोपर्यंतच्या ऑटोमॅटिक गाड्यांना ती कायद्यानं सक्तीची आहे. आता ब्रेकवर पाय आहे हे गाडीला कुठून कळतं? पेडलच्या वर जो स्विच मागचे लाल दिवे लावतो त्याच्याकडून. म्हणजे दिवे गेले की दांडा गेला. माझी गाडी चावीवाली आहे म्हणून इंजिन तरी सुरू झालं. पुश बटणवाल्या बहुतेक गाड्यांत सुरू व्हायलाही हाच सिग्नल लागतो.

फ्यूज उडाला होता. दहा अँपिअरचा नवा घातला, ‘टक’ ऐकू आलं, झेंडू घरी पोचला. इलेक्ट्रिशियन पंधराचा घालू म्हणत होता, मी हात धरला. पंधराचा घातला की फ्यूज वाचतो आणि वायर जळते. फ्यूज उडाला कशानं, हे मात्र त्या दिवशी कुणालाच सापडलं नाही. पावसाची सर येऊन गेली होती आणि आम्ही बघेपर्यंत सगळं वाळलं होतं.

सहा आठवडे ठीक गेले. गणपतीच्या तोंडावर नवंच सुरू झालं. ब्रेक दाबला तर कधी ‘टक’ येई, कधी येत नसे. दोनदा पंप केला की येई. मूर्ती आणायच्या दिवशी तर कहर. गणपती पुढच्या सीटवर भाच्याच्या मांडीवर, मागे तीन पोरं ताशे घेऊन, आणि मी दांड्याशी कुस्ती खेळतोय. “मामा, बाप्पाला यायचं नाहीये वाटतं,” भाचा म्हणाला. अकराव्या की बाराव्या दाबाला सुटला.

मग एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. नाव लिहीत नाही. तिथे पोचल्यावर दांडा अर्थातच पहिल्या झटक्यात निघाला. आजारी मूल डॉक्टरसमोर हसायला लागतं, तसं. त्यांनी लॅपटॉप लावला, बिघाडाचा कुठलाच कोड नाही. सल्ला दिला: शिफ्टर असेंब्ली पूर्ण बदला, आणि त्यानंही नाही झालं तर गिअरबॉक्स उतरवून बघू. पहिल्या कामाचा अंदाज ३८,५०० रुपये. “मागचे दिवे बघितले का?” मी विचारलं. “बल्ब चांगले आहेत,” उत्तर आलं. बल्ब चांगलेच होते हो. मी गाडी घेऊन घरी आलो.

रविवारी दुपारी मल्टिमीटर काढला. ५७व्या वर्षी पाय सीटच्या पाठीवर आणि डोकं ब्रेक पेडलखाली, ही आसनं कुठल्याही योगवर्गात शिकवत नाहीत. सौ.नं फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. पेडलच्या दांडीवर, एका पट्टीत, नटानं कसलेला अंगठ्याएवढा स्विच असतो. त्याचा सॉकेट काढला आणि स्विचच्या टर्मिनलवर मीटर लावला. पेडल दाबलं की शून्याच्या जवळ ओहम, म्हणजे विजेला जवळजवळ अडथळा नाही, असं दिसायला हवं. पहिल्या दाबाला ०.४. दुसऱ्याला ६०. तिसऱ्याला सर्किटच ओपन. मग पुन्हा ०.४. एवढं बघितल्यावर गिअरबॉक्स उतरवणाऱ्यांची गंमत वाटायला लागली.

नवा स्विच ६४० रुपयांना मिळाला. जुना मी ब्लेडनं उघडून बघितला, सवय जात नाही. आत पितळेच्या दोन पट्ट्या, त्यांवरचे कॉन्टॅक्ट काळेठिक्कर आणि खड्डे पडलेले. आमच्या धंद्यात याला पिटिंग म्हणतात आणि कॉन्टॅक्टरमधून झेपेल त्याहून जास्त करंट गेला की ते होतं. आता प्रश्न असा की मागच्या दिव्यांना जास्त करंट येतो कुठून?

वर बघितलं तर उत्तर डोळ्यांसमोर होतं. हौद्यावर स्टीलचा मोठा बार आहे आणि त्याच्या दोन्ही टोकांना आधीच्या मालकानं शोभेसाठी दोन जादा ब्रेकलाइट बसवले होते. एलईडी नव्हे, २१ वॉटचे साधे फिलामेंटचे बल्ब. दोन मिळून ४२ वॉट, १२ व्होल्टला साडेतीन अँपिअर. कंपनीनं मागे दिलेले दोन बल्ब तेवढेच खातात. म्हणजे माझ्या गाडीत जो करंट थेट या स्विचमधून जातो, तो जवळपास दुप्पट झाला होता, आणि ही वायर कुठे रिलेबिले न घालता सरळ मागच्या दिव्याच्या वायरला सोलून गुंडाळलेली. वर मी दर आठवड्याला रोपांवर हौद्यातच झारीनं पाणी मारतो. बारच्या होल्डरमध्ये पाणी साचायचं. जुलैत पावसानं आणि माझ्या झारीनं मिळून फ्यूज उडवला, आणि तोपर्यंत स्विचच्या कॉन्टॅक्टची वाट लागतच आली होती. दोन्ही दुखण्यांचं मूळ एकच. दिवे छान दिसायचे, हे मात्र मान्य करतो.

दोन्ही बल्बच्या वायरी तोडल्या, टोकं टेप करून बंद केली, नवा स्विच बसवला, विजयी वीरासारखा जेवलो आणि झोपलो. रात्री दोनला पाणी प्यायला उठलो तर खिडकीतून समोरच्या वाड्याची भिंत लालभडक दिसली. गाडी आमच्या गल्लीत त्या पांढऱ्या भिंतीला पाठ करून उभी असते. खाली गेलो. ब्रेकलाइट चालूच. स्विच मी जरा जास्तच मागे कसला होता, पेडल वर येऊनही त्याची दांडी दाबली जात नव्हती. सकाळपर्यंत बॅटरी झोपली असती ही एक भानगड. त्याहून वाईट म्हणजे चावी ऑन करून बघितलं तर ब्रेकला पायही न लावता दांडा ‘पी’तून निघत होता. गाडीच्या मते माझा पाय सतत ब्रेकवरच होता. कुलूपच गेलं. घरात चार वर्षांची नात आहे, तिला स्टिअरिंग फार आवडतं. टॉर्च तोंडात धरून रात्री अडीचला तो नट पुन्हा बसवला. काही जुन्या गाड्यांत पेडलवरचं छोटं रबरी बटण झिजून पडतं, तेव्हाही नेमकं हेच होतं, म्हणून दिवे सतत चालू दिसले तर आधी पायाशी रबराचे तुकडे पडलेत का बघा.

त्या भिंतीचा मला आता उपयोग होतो. गाडी लावताना ब्रेक दाबला की ती लाल होते, सोडला की पांढरी. मागे माणूस उभा करायची गरज नाही. तीनही दिवे एकदम गेले, म्हणजे डावा, उजवा आणि वरचा मधला, तर फ्यूज किंवा स्विच. एकच गेला तर नुसता बल्ब, त्यानं दांडा अडकत नाही.

आणखी एक अडकणं वेगळं आहे, ते यात मिसळू नये. अलकापुरीतल्या एका कॉम्प्लेक्सच्या तळघराच्या उतारावर मी ४०० लिटर पाणी हौद्यात घेऊन गाडी उभी केली, दांडा थेट ‘पी’त टाकला आणि उतरलो. परत आलो तर ‘टक’ व्यवस्थित येतंय, दिवे लागतायत, पण दांडा दोन्ही हातांनी ओढावा लागला आणि निघताना खालून ‘धाड्’ असा आवाज आला. यात विजेचा काही संबंध नाही. गाडीचं आणि पाण्याचं सगळं वजन त्या खिट्टीवर लटकलेलं होतं, ती दात सोडणार कशी? आता उतारावर पायाचा ब्रेक धरून ‘एन’ (न्यूट्रल), मग हँडब्रेक ओढायचा, पाय हळूच सैल करून गाडीला हँडब्रेकवर टेकू द्यायचं, मग परत ब्रेक दाबून ‘पी’. निघताना आधी दांडा ‘पी’तून काढायचा, हँडब्रेक नंतर. बडोदं सपाट आहे म्हणून ही सवय लागायला वर्ष गेलं.

आणि दांड्यानं भलत्याच वेळी दगा दिला तर: ‘पी’च्या बाजूला कन्सोलवर नखाएवढं एक झाकण असतं. माझ्या गाडीत त्याच्यावर शिफ्ट लॉक असं लिहिलंय. हँडब्रेक ओढा, ब्रेकवर पाय ठेवा, झाकण बारीक स्क्रूड्रायव्हरनं उचकटा, आतलं बटण दाबून धरा आणि दांडा ‘एन’मध्ये आणा. हे हातानं चालतं, बॅटरी मेली असली तरी. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला कापडाची चिंधी गुंडाळा, नाहीतर माझ्यासारखा ओरखडा राहतो. पण हे करून फार लांब जाऊ नका, कारण दांडा सुटला तरी मागचे दिवे बंदच असतात आणि तुम्ही थांबलात हे मागच्या टेंपोला कळत नाही. खंडेराव मार्केटपाशी हे बटण मला ठाऊक असतं तर फुलवालीसमोर अब्रू वाचली असती. मॅन्युअलमध्ये चित्रासकट दिलेलं आहे, मी ते पुस्तक गाडी घेतल्यावर प्लॅस्टिकमधून काढलंच नव्हतं.

दांडा हलतो पण गाडी जागची हलत नाही, किंवा ‘डी’ दाखवतो आणि मागे जाते, असं असेल तर वरचं काहीच लागू नाही. केबल, तिचा बुश किंवा गिअरचं तेल बघावं लागेल आणि तिथे खरंच मेकॅनिक हवा.

स्विच बदलून चार महिने झाले, दांडा एकदाही अडकलेला नाही. खर्च: फ्यूज १० रुपये, स्विच ६४०, इलेक्ट्रिशियननं दोन चहाशिवाय काही घेतलं नाही. बारवरचे दिवे मी काढूनच टाकले. होल्डरच्या दोन भोकांत एम-सील भरलंय, आणि त्या जागेला आता केळीच्या घडांची दोरी चांगली अडकते.